साथरोगांचे आकडे ऑनलाइन पाहताना या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की गोव्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे आकडे मोबाईलवर फिरू लागतात. माहिती हाताशी असणे चांगलेच. पण आकडा कुठला, कधीचा आणि कसा मोजलेला, हे न पाहता त्यावर विश्वास ठेवला, तर एक तर घबराट पसरते किंवा खोटा दिलासा मिळतो.

सर्वाधिक गफलत तारखांची होते. केंद्राच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या, म्हणजे आयडीएसपीच्या संकेतस्थळावर साप्ताहिक उद्रेक अहवालाची पीडीएफ मिळते. तिच्यात प्रत्येक उद्रेकापुढे जिल्हा, आजार, रुग्ण व मृत्यू यांची संख्या, उद्रेक सुरू झाल्याची तारीख आणि तो कळवल्याची तारीख असे वेगवेगळे रकाने असतात. शेवटी उशिरा कळवलेल्या जुन्या उद्रेकांची वेगळी यादी जोडलेली असते आणि नेमकी तीच ‘ताजी बातमी’ म्हणून पुढे पाठवली जाते. म्हणून आधी वर्ष आणि आठवडा तपासावा, मग सुरुवातीची तारीख पाहावी. शिवाय जिल्ह्याच्या रकान्यात ‘उत्तर गोवा’ लिहिलेले असेल, तर तो उद्रेक पेडणे तालुक्यात असू शकतो तसा सत्तरी तालुक्यातही. गावाचा उल्लेख असल्यास तो शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात सापडतो. यादीत आपला जिल्हा नाही, म्हणून गावात ताप नाही, असा अर्थ मात्र काढू नये.

केंद्राच्या डेंग्यूच्या राज्यवार तक्त्यात चालू वर्षाचा आकडा जानेवारीपासूनची बेरीज असतो आणि तोही तात्पुरता. त्याला ‘आजचे रुग्ण’ समजणे चूक आहे. संशयित आणि निश्चित रुग्णही वेगळे धरावे लागतात: सरकारी मोजणीत निश्चित रुग्ण एलायझा या प्रयोगशाळेतील रक्तचाचणीवरून ठरतो, केवळ झटपट किटवरून नव्हे. त्यामुळे खाजगी प्रयोगशाळेतून ऐकू येणारी संख्या आणि सरकारी संख्या यांत फरक पडतो, आणि त्यात लपवाछपवीच असते असे नाही.

हेल्थमॅपसारखे साथींचे ऑनलाइन नकाशे बातम्यांवरूनही खुणा मांडतात. खुणेवर क्लिक करून मूळ बातमी वाचल्याशिवाय ठिकाण गृहीत धरू नये. गूगलवरचे शोध वाढले म्हणजे रुग्ण वाढले, हेही खरे नाही. शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी गूगलची सेवा 2008 मध्ये सुरू झाली, 2012-13 च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त निघाले आणि 2015 मध्ये ती बंद झाली.

सत्तरीकरांना माकडतापाबाबत, म्हणजे रानातल्या गोचिडींच्या चाव्यातून होणाऱ्या विषाणूजन्य तापाबाबत, वेगळे सांगावेसे वाटते. या तापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा, म्हणजे काजूच्या बागायतीत राबण्याच्या दिवसांतच येतो. तेव्हा संकेतस्थळावर नोंद दिसण्याची वाट पाहू नये. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे आणि ताप आल्यास आपण रानात किंवा बागायतीत गेलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.