उंच केलेल्या जीपचं स्टिअरिंग बिघडलं? डॅम्पर घेण्याआधी हे तपासा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या रानवाटांवर पावसाळ्यात गाडी पोटाला घासू नये म्हणून बरेच जण जुनी मारुती जिप्सी किंवा महिंद्रा एमएम ५४० दोन-तीन इंच उंच करून घेतात आणि मोठे टायर चढवतात. त्यानंतर तक्रारी सुरू होतात. गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. कधी साठ-सत्तरच्या वेगात एका खड्ड्यावरून गेलं की पुढची चाकं अशी थरथरायला लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, नवा स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांना लावलेला शॉक ॲब्जॉर्बर, टाका. माझं स्पष्ट मत आहे की डॅम्पर सगळ्यात शेवटी. तो थरथर दाबून टाकतो, पण ज्या सैल सांध्यातून ती निघते तो सांधा आत झिजतच राहतो. चोर्ला घाटाच्या उतारावर तोच सांधा निसटला तर काय होईल, याचा विचार करा.

थरथर चालू गाडीत सुरू झालीच तर करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण त्याच्याशी झुंजू नका. ॲक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या आणि गाडी कडेला घ्या.

पहिलं काम: चाकं धुवा

खानापूरकडची तांबडी माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळली की दगडासारखी कडक होते. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीचंही तसंच. एकाच चाकात मूठभर माती राहिली तरी बॅलन्सिंग बिघडतं आणि पुढची बाजू हादरते. म्हणून आधी रिम आतून खरवडून धुवा, दोन्ही पुढच्या टायरांत सारखी हवा भरा आणि चाक फिरवून रिम वाकलाय का ते पाहा. मगच बॅलन्सिंग करा. पुष्कळदा निम्मा त्रास इथेच संपतो.

दुसरं काम: गाडी जमिनीवर ठेवून हलवून पाहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो या तपासणीला. गाडी सपाट जागी उभी करा, गिअर न्यूट्रलमध्ये घाला, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकं जमिनीवरच राहू द्या, कारण सांध्यावर भार असतानाच त्याचा खरा ढिलेपणा दिसतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सलग हलवत राहायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली बघायचं. खालच्याने हात दांड्यांपासून लांब ठेवावेत.

स्टिअरिंग बॉक्सपासून (स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाची गिअरची पेटी) सुरुवात करून चाकापर्यंत एकेक सांधा बघत जा. बॉक्सचा आर्म (पिटमन आर्म) हलतो पण त्याला जोडलेली चाकाकडे जाणारी दांडी, म्हणजे ड्रॅग लिंक, उशिरा हलते, म्हणजे त्या टोकाचा बॉल जॉइंट गेला. टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांडीचा टोकाचा सांधा, हलताना वर-खाली उसळत असेल तर तो बदला. नुसता नट आवळून झिजलेला सांधा बरा होत नाही. बॉक्स स्वतःच चेसिसवर हलत असेल तर बोल्ट तपासाच, पण बोल्टांभोवतीचा पत्राही पुसून बघा. मोठ्या टायरांचा ताण तिथे येतो आणि तडा गेला असेल तर धुळीत गंजाची बारीक रेघ दिसते. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत, म्हणजे जिम्नीसारख्या, पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं डोळ्यांत तेल घालून पाहा. हा रॉड ॲक्सल आडवा सरकू देत नाही. त्याच्या बुशात किंवा बोल्टाच्या भोकात थोडाही ढिलेपणा असला की मोठी थरथर सुरू व्हायला तेवढं पुरतं.

तिसरं काम: जॅक लावा

ओल्या मातीत जॅकखाली जाड फळी ठेवा आणि गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली जाऊ नका. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंग पिनचा (ज्या खिळीवर चाक वळतं तिचा) किंवा बॉल जॉइंटचा. नऊ आणि तीनच्या जागी धरून खेळ आला तर दोष बहुधा टाय रॉडकडे असतो.

जिप्सी-जिम्नीवाल्यांनी किंग पिनच्या बेअरिंगकडे विशेष लक्ष द्यावं. पावसात मलप्रभेच्या किंवा ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की नकलच्या, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या चाक वळवणाऱ्या भागाच्या, सीलमधून पाणी आत शिरतं, ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजतं. खेळ एवढा कमी असतो की हाताला लागत नाही, पण वेगात थरथर येते. कॅप उघडून ग्रीसचा रंग बघा.

सगळं घट्ट आहे, तरी गाडी भरकटते

मग दोष उंचीने बिघडवलेल्या कोनांत आहे. किंग पिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, त्याला कॅस्टर म्हणतात. त्याच्याच जोरावर स्टिअरिंग वळणानंतर सरळ होतं. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला टांगणारी कडी, पुढच्या टोकाला असेल आणि तो लांब घातला, तर पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. जिम्नीत स्प्रिंग उंच केल्यावर रेडियस आर्म, म्हणजे ॲक्सल चेसिसशी जोडणारे लांब दांडे, ॲक्सलला तसंच फिरवतात. तिथे मध्य सरकवलेले कॅस्टर बुश बसवतात.

पाट्यांच्या गाडीला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये उतरती पट्टी, म्हणजे टेपर शिम, घालतात. ॲक्सल पाट्याच्या वर बसला असेल तर शिमची जाड बाजू पुढे ठेवा, पाट्याच्या खाली असेल तर मागे. उलटी घातली तर आहे तोही कॅस्टर जाईल. शिम पोलादीच घ्या, ॲल्युमिनियमची दबून फुटते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपला माप दिलं तर ती नेमकी करून मिळू शकते. सोबत सेंटर बोल्ट लांब लागतो. मात्र कॅस्टर वाढवताना डिफरेन्शिअलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा जास्त वाकतो, म्हणून दोन-चार अंशांपलीकडे शिमने ओढाताण करू नका.

खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप फिरत असेल तर त्याला बंप स्टिअर म्हणतात. बॉक्स चेसिसबरोबर वर गेला, चाकं ॲक्सलबरोबर खालीच राहिली, त्यामुळे मधली ड्रॅग लिंक तिरकी झाली. पुढची बाजू बंपर धरून दाबा आणि सोडा. स्टिअरिंगचं चाक फिरलं की निदान पक्कं. खाली वाकवलेला पिटमन आर्म हा त्यावरचा एक उपाय आहे, पण त्याने बॉक्सवर ताण वाढतो. नकलकडचं टोक वर उचलणं मला जास्त पसंत आहे. पॅनहार्ड रॉड असेल तर तो आणि ड्रॅग लिंक समांतर राहिलेच पाहिजेत. एकाला हलवलं तर दुसऱ्यालाही हलवा.

२०२० नंतरच्या थारला पुढे सलग ॲक्सल नाही. तिथे उंचीने कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलीत ते) बदलतात, म्हणून चांगल्या मशीनवर अलाइनमेंट करून घ्या आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटलेत का ते पाहा.

जुन्या जीपचा टो घरीही मोजता येतो. टायरच्या मध्यावर खडूची खूण करा, दोन्ही खुणांमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर समोरून मोजा. गाडी ढकलून खुणा मागे आणा आणि पुन्हा मोजा. समोरचं अंतर किंचित कमी, साधारण एक ते तीन मिलिमीटर, असावं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

उंची वाढवण्याआधी कायद्याचाही विचार करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

काम झालं की लगेच चौपदरी महामार्गावर जाऊ नका. आधी मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या आत चालवा, मग वेग हळूहळू वाढवा. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट, पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा आणि कॉटर पिन जागेवर आहेत ना, ते पाहा. हे सगळं झाल्यावरही बारीक हादरा उरला असेल, तर आता डॅम्पर बदला.