फाउंड्रीत नव्याने लागलात? स्वतःची वही कशासाठी ठेवायची आणि ती वाचतं कोण

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, डिप्लोमा किंवा आयटीआय करून नव्याने लागलेल्यांना पहिल्या आठवड्यात बूट, गॉगल, हेल्मेट मिळतं. वही मिळत नाही. ती स्वतःच घ्यावी लागते, आणि पहिल्या पगाराची वाट न बघता घ्यावी.

ही वही म्हणजे कंपनीची लॉगशीट नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवायची असते, तीही नव्हे. ते कागद दुसऱ्या कुणीतरी तपासायचे असतात, म्हणून त्यात आकडा असतो आणि आकड्यापुढे 'ओके' असतं. शंका कुठेच नसते. 'टेम्परेचर घ्यायला टिप तीनदा बुडवावी लागली', 'बदललेलं लॅडल नीट तापलेलं नव्हतं' हे लिहायला शीटवर रकानाच नाही (टिप म्हणजे वितळलेल्या धातूत बुडवून तापमान घ्यायचं टोक, लॅडल म्हणजे तो धातू ओतायचं भांडं). रिजेक्शनचं कारण मात्र पुष्कळदा अशाच रकाना नसलेल्या गोष्टीत सापडतं.

मग अशी वही वाचतं कोण? सगळ्यात आधी तुम्हीच, पण आजचे नव्हे, दीड महिन्यानंतरचे. आज ओतलेलं कास्टिंग फेटलिंग (वाळू आणि जास्तीचा धातू काढून साफसफाई) होऊन दोन-तीन दिवसांत डिस्पॅच होतं. मशिनिंग बऱ्याचदा गिऱ्हाइकाकडे असतं. पिनहोल (वायूची टाचणीएवढी भोकं) वरच्या सालीखाली दडलेले असतात, टूल फिरल्यावरच उघडे पडतात. म्हणजे चूक तुमच्याकडे परत येते तेव्हा ती पाळी, तो पाऊस, ते लॅडल काहीच आठवत नसतं. हातात असतो फक्त कास्टिंगवर उमटलेला हीट कोड (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू). त्या कोडने वहीचं पान उघडता आलं पाहिजे. वहीची सगळी रचना या एका गरजेतून ठरते.

वही खिशात मावेल अशी घ्या, साधारण दहा बाय पंधरा सेंटिमीटर, शिवलेल्या बांधणीची. स्पायरलच्या तारेत वाळू अडकते आणि महिन्याभरात पानं सुटतात. पानांना क्रमांक घाला. पहिली चार पानं कोरी सोडा, तिथे हीट कोड आणि पान क्रमांक यांची अनुक्रमणिका हळूहळू भरत जाईल. पेन साधं बॉलपेन. जेलची शाई घामाने आणि पावसाने पसरते. स्पेक्ट्रोची (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी थर्मल कागदावर येत असेल तर ती चिकटवू नका: असा कागद उष्णतेने काळा पडतो, नाहीतर काही महिन्यांत अक्षरं उडून जातात. आकडे हाताने उतरवा. मोबाईलवर टिपायचा मोह होईल, पण बऱ्याच शॉपवर मोबाईल आत नेता येत नाही, आणि फर्नेसजवळ ग्लोव्हज घालून टाईप करणं धोक्याचंच आहे. शॉपवर फक्त आकडे टिपायचे. वाक्यं पाळी सुटल्यावर लिहायची, जेवणाच्या आधी. झोपून उठल्यावर लिहिलेली नोंद अर्धी कल्पनेची असते.

डाव्या पानावर जे दिसलं, मोजलं ते. उजव्या पानाचे दोन भाग: वर 'वाटतं', खाली 'निघालं'. खालचा भाग त्या दिवशी कोराच ठेवायचा. एक नमुना बघा (कॉम्पॅक्टेबिलिटी म्हणजे दाबल्यावर वाळूची उंची किती टक्के घटते; चिल काय ते पुढे येईल):

'१४ जुलै, दुसरी पाळी, हीट ७. सकाळपासून पाऊस. वाळू: ओलावा ३.८, कॉम्पॅक्टेबिलिटी ४४. पहिलं लॅडल १४१०, शेवटचं १३५५. चिल ५ मिमी, शेवटी ८ मिमी. क्रेन बारा मिनिटं अडकली. शेवटच्या ११ साच्यांवर खडूची खूण.'

उजवीकडे वर (कोल्ड शट म्हणजे थंड पडलेला धातू नीट न जुळल्याची रेघ, ब्लोहोल म्हणजे वायूचं मोठं भोक): 'वाटतं: शेवटच्या ११ मध्ये पातळ रिबवर कोल्ड शट येणार. ब्लोहोलची भीती नाही.' दोन दिवसांनी खाली: 'निघालं: ११ पैकी ४ कोल्ड शट, रिबवरच. ३ ब्लोहोल, तेही वरच्या बाजूला. ब्लोहोलचा अंदाज चुकला, ४४ ला भ्यायला हवं होतं.'

हे शेवटचं वाक्य म्हणजे या वहीची कमाई. तुमचा अंदाज कुठे बरोबर ठरतो आणि कुठे वारंवार चुकतो, हे दुसरा कुठलाही कागद सांगत नाही. 'वाटतं' न लिहिता नुसतं 'निघालं' लिहिलं, तर निकाल कळल्यावर माणसाला सगळं आधीच माहीत होतं असं वाटायला लागतं आणि शिकणं तिथेच थांबतं. म्हणून 'वाटतं' पेननेच लिहायचं आणि मागाहून खोडायचं नाही.

कोणते आकडे टिपायचे? सगळेच टिपायला गेलात तर आठवड्यात वही बंद पडेल. ग्रे आयर्नच्या (राखाडी बिडाच्या) शॉपवर सुरुवातीला पाच पुरेत: वाळूचा ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी, पहिल्या आणि शेवटच्या लॅडलचं तापमान, चिल, आणि सीई (कार्बन इक्विव्हॅलंट). ग्रीन सँडमध्ये (माती आणि पाणी मिसळलेल्या साच्याच्या वाळूत) ओलावा साधारण ३ ते ४ टक्के आणि कॉम्पॅक्टेबिलिटी ३८ ते ४२ च्या आसपास ठेवतात. तुमच्या शॉपची मर्यादा वेगळी असेल तर ती पहिल्या पानावर लिहून ठेवा. सीई म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा. कार्बन ३.४०, सिलिकॉन २.१०, फॉस्फरस ०.०५ असेल तर सीई ४.१२. हा हिशेब महिनाभर हाताने करा. स्क्रीनवर आयता आलेला आकडा डोक्यात मुरत नाही.

चिलचा तुकडा प्रत्येक वेळी स्वतः हातात घेऊन बघा. पाचरीच्या आकाराचा तो नमुना मोडला की टोकाशी पांढरा, चकचकीत भाग दिसतो आणि त्यामागे राखाडी. पांढऱ्या भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये टिपायची. एकाच हीटमध्ये ही रुंदी वाढत गेली, तर आधी इनोक्युलंट (चिल कमी करायला लॅडलमध्ये टाकायचं मिश्रण) आठवा. फेरोसिलिकॉन पाव टक्का धरलं तर ५०० किलोच्या लॅडलला सव्वा किलो लागतं, आणि त्याचा परिणाम मिनिटा-मिनिटाला उतरत जातो. म्हणून इनोक्युलंट टाकल्याची वेळ आणि शेवटचा साचा ओतल्याची वेळ, दोन्ही लिहा. एसजी आयर्न (गोल ग्राफाईटचं बीड) असेल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंटची वेळ लिहिल्याशिवाय पुढे सरकूच नका. तिथे साधारण दहा मिनिटांच्या आत ओतून व्हायला हवं, नाहीतर ग्राफाईट गोल राहत नाही.

तापमानाच्या आकड्याशेजारी तो कशाने घेतला तेही लिहायचं. बुडवायच्या टिपेचा आकडा आणि लांबून रोखायच्या पायरोमीटरचा आकडा सारखा येत नाही: धूर आड आला की लांबूनचा आकडा कमी दाखवतो, स्लॅगने (धातूवरच्या मळीने) तो चुकतो. टिपेचा नवीन बॉक्स उघडला तरी नोंद करा.

पावसाळ्यासाठी वेगळी खूण ठेवा, पानाच्या कोपऱ्यात छोटी छत्री चालेल. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दमटपणा कोअरमध्ये (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या ठोकळ्यात) शिरतो. सोडियम सिलिकेटचे कोअर दोन दिवस रॅकवर राहिले तरी मऊ पडतात, बेंटोनाईटची (वाळू बांधून धरणाऱ्या मातीची) पोती खालून ओल धरतात, लॅडलचं अस्तर वाळायला जास्त वेळ घेतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी त्या बाजूला सरकायला लागलं की रोजची पातळी वहीत घ्या, कारण २०१९ आणि २०२१ सारखा महामार्ग बंद झाला की माणसं आणि माल दोन्ही अडकतात, आणि त्यानंतरच्या पहिल्या काही हीट नेहमीसारख्या नसतात. दोन पावसाळ्यांची छत्रीची पानं शेजारी ठेवून वाचली की तिसऱ्या पावसाळ्याआधी, मे महिन्यातच काय मागायचं ते कळतं.

एक गोष्ट मात्र वहीसाठी थांबवायची नाही. चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) ओला स्क्रॅप किंवा बंद तोंडाचा पाईप दिसला, तर आधी ओरडून थांबवा. ओल वितळलेल्या धातूत गेली की क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. नोंद नंतर.

आता वहीचा दुसरा वाचक. तो वही वाचत नाही, ऐकतो. पाळी बदलताना पाच मिनिटं मिळतात. तेव्हा वही उघडून समोरच्या पाळीला तीन ओळी वाचून दाखवा: वाळू कशी होती, कोणतं लॅडल नीट तापत नाही, कोणत्या पॅटर्नला (साचा उठवायच्या नमुन्याला) चिकटतंय. जुन्या मोल्डरकडे (साचे करणाऱ्या कारागिराकडे) जायचं ते असंच. 'मामा, काल हीट सातला कॉम्पॅक्टेबिलिटी चव्वेचाळीस होती, तुमच्या हाताला कशी लागली?' असा नेमका प्रश्न गेला की उत्तरही नेमकं येतं: 'मुठीत धरली की कडा निब्बर ऱ्हाईना, बोटाला चिकटाय लागली.' हे वाक्य त्याच शब्दांत उतरवा आणि शेजारी आकडा लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. अशा पंधरा-वीस जोड्या जमल्या की लॅबचा आकडा यायच्या आधी तुमचा हात सांगायला लागतो. 'वाळू गरम हाय' म्हणाले तर परतीच्या वाळूचं तापमान मोजून लिहा. ते ५० अंशांच्या वर गेलं की पॅटर्नला चिकटणं आणि साच्याच्या कडा सुकून झडणं सुरू होतं.

तिसरा वाचक साहेब, व्हाय-व्हाय करायला, म्हणजे 'का, का' विचारत मूळ कारण शोधायला बसलेला. इथे नवीन मुलं दोन टोकांना चुकतात. कुणी वही लपवतो, कुणी पूर्ण वहीच टेबलावर ठेवतो. तुम्ही त्या हीटचं पान वाचून दाखवा, जे मोजलं ते आणि जे वाटलं ते वेगळं सांगा. 'लॅडल थंड होतं' आणि 'लॅडल थंड असावं असं वाटलं' यांत फार अंतर आहे, आणि साहेब ते अंतर पाळणाऱ्यालाच पुढच्या वेळी बोलावतो. वहीत माणसांची नावं दोषासाठी लिहू नका. 'अमक्याने लॅडल तापवलं नाही' ऐवजी 'लॅडल ३, तापवायला २० मिनिटं मिळाली' लिहा. पहिल्या वाक्याने भांडण लागतं, दुसऱ्यातून कारण सापडतं.

काही वाचक नकोसे असतात, त्यांचाही विचार हवा. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या फाउंड्रीत आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट होतं. मशीनशेजारी तुमची वही उघडी पडली आणि त्यात सेटिंगचे आकडे असले, तर ऑडिटर ते अनियंत्रित दस्तऐवज म्हणून लिहू शकतो. सेटिंग नेहमी लावलेल्या अधिकृत शीटवरूनच करायचं आणि वही खिशात ठेवायची. गिऱ्हाइकाचं नाव, ड्रॉइंग, भागाचा नंबर वहीत घ्यायचा नाही, स्वतःचं टोपणनाव ठेवायचं: 'मोठं ढाकण', 'चार पायाचं'. वही बसमध्ये राहिली तर कंपनीचं काही बाहेर जाता कामा नये. नोकरी बदलताना कंपनीचे आकडे पुढच्या ठिकाणी उघडे करणं हा विश्वासघात आहे. मुलाखतीला वही नेऊ नका, आदल्या रात्री चाळून जा. 'पिनहोल आले तर काय बघाल?' या प्रश्नाला पुस्तकातली सात कारणं म्हणणारे पुष्कळ असतात. कोणतं कारण आधी तपासाल आणि का, हे 'वाटतं-निघालं'ची पानं लिहिलेल्याला बरोबर सांगता येतं.

वही बंद पडते ती बहुधा तिसऱ्या आठवड्यात, सलग नाईट लागली की. तेव्हा एकच ओळ लिहा, पण तारीख आणि हीट कोड सोडू नका. मधले चार दिवस राहिले तर आठवून भरू नका. 'चार दिवस नाही' लिहून पुढे जा. अंदाजाने भरलेला आकडा पुढे खऱ्यासारखाच वाचला जातो.

वही भरली की कण्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहा आणि शेवटच्या दोन पानांवर दोषांची यादी करा: ब्लोहोल, पान अमुक, तमुक, कोल्ड शट, पान अमुक. ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत, घरात जमिनीपासून उंच ठेवा, नदीकाठच्या भागात राहत असाल तर माळ्यावर. तुमच्या जागी नवीन ट्रेनी आला आणि साहेबांची परवानगी असेल, तर आधी ही दोन पानं त्याला दाखवा आणि त्याच्याकडून त्याच्या वहीतली पहिली चार पानं कोरी सोडून घ्या.