विडंबनगीतात दडलेला श्लेष कसा पकडावा

आमच्या गाणाऱ्या कंपूत विडंबनं एक मैत्रीण लिहिते आणि टाइप करायचं काम माझ्या गळ्यात. आमच्याच एका जुन्या गाण्यात ओळ होती, 'उजळत आली पहाट, झाली दिवसाची सुरुवात'. तिनं केलं, 'कळवळली ही कंबर, झाला उठताना सुरू वात'. मला वाटलं, घाईत चुकली. 'झाला'चं 'झाली' केलं, 'सुरू वात' जोडून टाकलं आणि प्रती वाटल्या. ती म्हणाली, "अगं बाई, शुद्धलेखनानं माझा विनोद मारलास की!"

तेव्हापासून व्याकरण चुकल्यासारखं दिसलं की मी तिथं बोट ठेवून थांबते. सुरुवात ती, दिव्याची वातही ती, पण गुडघ्यातला वात तो. 'झाला' ही चूक नव्हती, खूण होती.

शब्द फोडून साधलेला असा सभंग श्लेष शोधायचा तर कागद पालथा घाला आणि नुसतं ऐका. गाताना दोन शब्दांमधली जागा बुजते, नाहीतर एकाच शब्दाच्या मधोमध श्वास घेतला जातो. गाणारा नको तिथं थांबला, की तीच ओळ पुन्हा लावायची. सावकाश.

शब्द न फोडता साधलेला अभंग श्लेष जास्त बेरकी. त्यासाठी मूळ गाणं आणि विडंबन शेजारी शेजारी ठेवा. सगळे बदललेल्या शब्दांवर हसतात; तुम्ही ते खोडा आणि जे जसेच्या तसे राहिले तेवढेच वाचा. तिच्या दुसऱ्या एका गाण्यात देवापुढची ओळ होती, 'दोन्ही कर मी तुला अर्पिले'. विडंबनात देवाच्या जागी वसुली अधिकारी बसवला. ओळीतलं एक अक्षरही हललं नाही, हातांचे कर मात्र भरायचे झाले.

शब्दाचा जुना अर्थ आठवत नसेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ची आवृत्ती इंटरनेटवर चाळता येते. मात्र सापडलेला दुसरा अर्थ अख्ख्या ओळीला लावून बघा. एका शब्दापुरताच बसत असेल तर तो योगायोग, सोडून द्या.

हे सगळं करून मी परवा तिला ऐकवलं, 'उठताना'मध्ये कण्हण्याच्या 'ताना' आहेत आणि आपली गायिका नेमकी तिथंच तान घेते! ती दोन क्षण गप्प बसली.

"हो मग," म्हणाली, "मुद्दामच टाकलंय ते."