पावसाळ्यात टांझानिया सफारी? चालेल, पण महिना बघून

टांझानियातल्या सेरेंगेटी नॅशनल पार्कला पावसाळ्यात जाऊ नका असं सगळे सांगतात, पण तिथे पाऊस दोनदा येतो हे कोणी सांगत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा, सर येते नि जाते, त्यात बिनधास्त जा. मार्च ते मे मोठा, आणि त्यातला एप्रिल खरा धो धो, पण रेट तेव्हाच सगळ्यात खाली असतात आणि एरवी सिंहाभोवती दहा गाड्या असतात तिथे तुमची एकटीच उभी असते. काही कॅम्प मात्र एप्रिल-मेमधे चक्क बंदच ठेवतात, त्यामुळे आधी विचारून घ्या.

खरा त्रास चिखलाचा. तिथली काळी माती आपल्या विदर्भातल्या रेगुरासारखीच, भिजली की चाक जागेवरच फिरत राहतं, म्हणून गाडी फोर बाय फोरच हवी, त्यात तडजोड नको. प्राणी कमी दिसतात हेही अर्धंच खरं, तिथल्याच तरंगिरे पार्कचे हत्ती पांगतात कारण पाणी सगळीकडे मिळतं, पण दोन पावसांच्या मधे, फेब्रुवारीत, सेरेंगेटीच्या दक्षिणेला एंडुटूच्या बाजूला विल्डबीस्टची (कळपाने फिरणारा मोठा कुरंग) पिल्लं जन्मत असतात आणि मागे चित्ते, तरस असतातच.

निळे-काळे कपडे नकोत, चावणारी त्सेत्से माशी त्यांवर जास्त येते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. आणि यलो फीवरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्याच, कार्ड नसेल तर परत येताना भारतात क्वारंटाईन करू शकतात.