टाचेमागच्या दुखण्याचं ऑपरेशन लागू पडतं का, हे तपासायचंय? थीसिसला बसण्याआधी वाचा

मी फिजिओथेरपिस्ट. ऑर्थोपेडिकचे रेसिडेंट थीसिससाठी पेशंट माझ्याकडे मोजमापाला पाठवतात. ‘ॲकिलिसचं दुखणं, प्लँटॅरिस काढली, टेंडन खरवडून साफ केलं, किती फरक पडला बघा’ (ॲकिलिस म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी, अशा दोरीला टेंडन म्हणतात; प्लँटॅरिस ही तिच्या शेजारची बारीक दोरी) असा विषय दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी आणतंच. फरक पडलेला दिसतोच, कारण माणूस ऑपरेशनला तयार होतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून ते तसंही थोडं उतरतं. वर सक्तीची विश्रांती आणि नंतरचा व्यायाम. यात सुरीचा वाटा किती, ते तुलनेला दुसरा गट असल्याशिवाय कळायचं नाही.

आधी पेशंट नीट निवडा. टेंडन हाडाला चिकटतं तिथपासून 2 ते 6 सेंमी वर दुखणारे वेगळे आणि थेट टाचेच्या हाडाशी दुखणारे वेगळे; एकाच गटात कोंबू नका. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक औषधं घेतली होती का, हे विचाराच, त्यांनीही टेंडन बिघडतं. आणि ‘व्यायाम करून झाला’ यावर विश्वास ठेवू नका, समोर करून दाखवायला सांगा. 1998 साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 15 हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर चवडा टेकवून टाच सावकाश खाली सोडायला लावली: गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, रोज 180 वेळा, 12 आठवडे. सगळे पुन्हा धावायला लागले. तुमच्या ऑपरेशनची कुस्ती या फुकटच्या पायरीशी आहे. बहुतेक पेशंट दोन्ही पायांवर, भराभर, वीसेक वेळा करतात आणि ‘केलं’ म्हणतात.

गट चिठ्ठीनेच पाडा. सोमवारचे इकडे, गुरुवारचे तिकडे, असं नको. ओपीडीतल्या मावशींनाही दोन आठवड्यांत पॅटर्न कळतो. क्रमांक घातलेली, आतलं दिसणार नाही अशी बंद पाकिटं, आणि ती ठेवणारा माणूस तुमच्या युनिटबाहेरचा. ऑपरेशननंतर जो व्यायाम, तोच दुसऱ्या गटालाही, त्याच तारखांना.

दुसऱ्या गटाला नुसता छेद देऊन टाके घालायचे का? ऐकायला क्रूर वाटतं, पण 2002 मध्ये ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी गुडघ्याच्या संधिवातासाठी हेच केलं. खोट्या आणि खऱ्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वेदनेचा फरक निघाला नाही. ॲकिलिसच्या पीआरपी इंजेक्शनचंही (पेशंटच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टोचतात ते) तेच झालं: ब्रिटनमध्ये 240 जण, निम्म्यांना सुई फक्त कातडीखाली टोचली. 2021 मध्ये निकाल आला, सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. एथिक्स कमिटी खोट्या छेदाला परवानगी देईलच असं नाही. नाही दिली तर व्यायामाच्या गटाशी तुलना करा, पण ‘पेशंटला ठाऊक होतं’ हे थीसिसमध्ये स्पष्ट लिहा.

मोजणाऱ्याला मात्र काही कळू देऊ नका. माझी अट: पेशंट दोन्ही पायांत गुडघ्यापर्यंत मोजे घालूनच आत येईल, आणि कोणता उपचार झाला ते बोलायचं नाही, हे त्याला बाहेरच बजावलेलं असेल. टाका दिसला की माझा हातही नकळत सैल गुण देतो.

गुणांसाठी व्हिसा-ए ही ॲकिलिसच्या दुखण्याची प्रश्नावली वापरा, 100 पैकी. सकाळी उठल्यावर टाच किती मिनिटं आखडलेली असते, जिना उतरताना दुखतं का, एका पायावर किती उड्या मारता येतात, असे आठ प्रश्न. पण शेवटच्या, खेळाच्या प्रश्नालाच 30 गुण आहेत. माझ्याकडच्या एक भाजीवाल्या मावशी पूर्ण बऱ्या झाल्या, तरी कागदावर अर्धवटच दिसल्या. खेळाडू नसलेले पेशंट घेणार असाल तर त्यांच्यासाठी वेगळं माप आधीच ठरवा.

मुख्य माप कोणतं आणि ते कितव्या महिन्याला, हे पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवा. निकाल बघून माप बदलायची सोय ठेवू नका.

बरे झालेले फिरकत नाहीत, चिडलेलेही नाहीत. एसटीचं भाडं बजेटमध्ये धरा, घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर घ्या. चिठ्ठीत व्यायाम आला आणि तरी बाहेर जाऊन ऑपरेशन करून आला, तर तो व्यायामाच्याच गटात मोजायचा. जखम चिघळणं, पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येणं यांचा वेगळा तक्ता ठेवा. ‘किरकोळ’ म्हणून सोडू नका.

खोटा छेद दिला असेल तर शेवटच्या भेटीत पेशंटला विचारा, ‘तुमचं खरं ऑपरेशन झालं असं वाटतं का?’ आणि उत्तर लिहून ठेवा. बहुतेकांनी बरोबर ओळखलं असेल, तर परीक्षकांनी विचारण्याआधी तुम्हीच ते सांगा.