प्लास्मिड पिढ्यानपिढ्या टिकते की गळते, हे कसे मोजावे

एखादे प्लास्मिड (जिवाणूच्या पेशीत गुणसूत्राबाहेर राहणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) स्थिर आहे का, असे विचारले की बहुतेक जण रात्रभर वाढवलेल्या कल्चरमधून ते वेगळे काढतात आणि जेलवर ठळक पट्टा दिसला की समाधान मानतात. हा पुरावा कशाचाच नाही. दहापैकी तीन पेशींनी प्लास्मिड गमावलेले असले, तरी उरलेल्या सात पेशींतला डीएनए डोळ्यांना तितकाच ठळक दिसतो. विभाजनाच्या वेळी दोन्ही कन्यापेशींना प्लास्मिड मिळाले का, एवढाच खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर एकेका पेशीपासून वाढलेल्या एकेका कॉलनीकडूनच मिळवावे लागते. पुढील पद्धत ई. कोलाय या जिवाणूसाठी आहे. निर्जंतुक हाताळणी, प्लेट ओतणे आणि कल्चर पातळ करणे हाताला सरावाचे आहे, असे गृहीत धरतो.

आधी प्लास्मिडचे घराणे पाहावे

किती गळती अपेक्षित आहे, हे प्लास्मिडच्या आरंभस्थानावर, म्हणजे जिथून त्याची नक्कल सुरू होते त्या जागेवर, ठरते. पीबीआर३२२, पीयूसी१९ यांसारखी प्रयोगशाळेतली नित्याची प्लास्मिडे कोल-ई१ घराण्यातली आहेत आणि दुप्पट होण्यासाठी त्यांना स्वतःचे कोणतेही प्रथिन लागत नाही. आरंभस्थानाच्या अलीकडे ५५५ बेस-जोड्यांवर आरएनए-२ हा धागा सुरू होतो, तो डीएनएला चिकटून राहतो, आरएनेज-एच हे विकर त्याला कापते आणि उरलेल्या टोकापासून डीएनएची नक्कल सुरू होते. उलट दिशेने तयार होणारा, सुमारे १०८ बेसचा आरएनए-१ या धाग्याला गाठून त्याची घडी बिघडवतो. प्लास्मिडच्या प्रती वाढल्या की आरएनए-१ वाढतो आणि नवी नक्कल अडते. प्रती घटल्या की लगाम सैल होतो. पीबीआर३२२ मध्ये रॉप हे ६३ अमिनो आम्लांचे प्रथिन या दोन धाग्यांची गाठ पक्की करते, म्हणून पेशीमागे प्रती १५ ते २० च्या आसपास राहतात. पीयूसी मालिकेत रॉप नाही, शिवाय आरएनए-२ च्या भागात एक बेस बदललेला आहे, त्यामुळे प्रती कित्येक शेकड्यांत जातात.

मात्र हा लगाम फक्त संख्येवर चालतो. वाटणीची कोणतीही व्यवस्था या प्लास्मिडांकडे नाही; पेशी दुभंगते तेव्हा जी प्रत ज्या बाजूला असेल त्या बाजूला जाते. विभाजनाच्या क्षणी पेशीत न एवढ्या प्रती असतील आणि प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे डावी-उजवी होत असेल, तर एक कन्यापेशी रिकामी राहण्याची शक्यता २ भागिले २ चा न वा घात एवढी येते. दोन प्रती असतील तर दर दोन विभाजनांत एकदा, दहा असतील तर ५१२ मध्ये एकदा, वीस असतील तर सव्वापाच लाखांत एकदा. म्हणूनच पेशीमागे एक-दोन प्रती ठेवणारे एफ प्लास्मिड नशिबावर विसंबत नाही. सॉप-ए आणि सॉप-बी ही त्याची प्रथिने सॉप-सी या डीएनएच्या भागाच्या आधाराने प्रती दोन अर्ध्या भागांत नेतात. आर-१ प्लास्मिडात हेच काम पार-एम करते. त्याचे ॲक्टिनसारखे तंतू लांब वाढत जाऊन दोन प्रतींना पेशीच्या दोन टोकांकडे ढकलतात.

हाताशी असलेले प्लास्मिड यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. शेवटचा आकडा वाचताना त्याची गरज पडते.

वाढवणे

शक्य असेल तर कॅनामायसिन-रोधक खूण (त्या प्रतिजैविकापासून पेशीला वाचवणारे जनुक) असलेले प्लास्मिड घ्यावे. ॲम्पिसिलिनबद्दलची तक्रार पुढे येईलच. निवड प्लेटवरील, म्हणजे प्रतिजैविक घातलेल्या प्लेटवरील, तीन वेगवेगळ्या कॉलन्यांपासून तीन स्वतंत्र कल्चर सुरू करावीत आणि रात्रभर प्रतिजैविकासह वाढवून, पेशी दोनदा धुऊन, प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात उतरवावीत. त्याच वेळी शून्य दिवसाची प्लेट लावावी. ही प्लेट टाळणारे बरेच भेटतात, कारण प्रतिजैविकात वाढलेले कल्चर शंभर टक्के प्लास्मिडधारी असणारच, असे त्यांना वाटते. तसे ते नेहमी नसते.

रोज एकदा १:१००० या प्रमाणात ताज्या माध्यमात घालून संपृक्त होईपर्यंत वाढू द्यावे. हजारपट वाढ म्हणजे जवळपास १० पिढ्या (२ चा १० वा घात १०२४), त्यामुळे दहा दिवसांत १०० पिढ्यांचा हिशोब सोपा राहतो. १:१०० घेतल्यास दिवसाला ६.६ पिढ्या पडतात आणि वहीत अपूर्णांकांची गर्दी होते.

दर दुसऱ्या दिवशी योग्य तितके पातळ करून साध्या, म्हणजे प्रतिजैविक नसलेल्या प्लेटवर पसरवावे. प्लेटमागे १०० ते १५० सुट्या कॉलन्या पुरेत.

कॉलन्या तपासणे

या टप्प्यावर मी स्वतः जवळजवळ एक वर्ष फसत राहिलो, म्हणून तो सविस्तर सांगतो.

पहिला वाईट सल्ला असा असतो की तेच कल्चर एका साध्या आणि एका प्रतिजैविकाच्या प्लेटवर पसरवा, दोन्हीकडच्या कॉलन्या मोजा आणि भागाकार करा. हा सल्ला पाळू नये. १५० कॉलन्यांच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने १२ कॉलन्या इकडे-तिकडे होतात. अशा दोन मोजण्यांचा भागाकार केला की चूक ११ ते १२ टक्क्यांवर जाते, म्हणजे पाच टक्के गळती दिसणारच नाही. शिवाय प्लास्मिड असूनही प्रतिजैविकाच्या अचानक धक्क्याने कॉलनी न करणाऱ्या पेशी असतातच आणि त्या गळतीच्या खात्यात जमा होतात. साध्या प्लेटवर आलेली प्रत्येक कॉलनी एकेक करून निवड प्लेटवर उतरवणे, हाच मार्ग योग्य आहे. यात आणखी एक फायदा होतो. नुकतेच प्लास्मिड गमावलेल्या पेशीत आधी तयार झालेले रोधक विकर काही पिढ्या शिल्लक असते. साध्या प्लेटवर कॉलनी वाढेपर्यंत ते इतके विभागले जाते की त्याचा परिणाम उरत नाही.

माझी चूक उतरवण्याच्या पद्धतीत होती. मी टूथपिकवर कॉलनीचा चांगला गोळा घेऊन ॲम्पिसिलिनच्या प्लेटवर ठळक ठिपके देत असे आणि दहाही दिवस शंभरपैकी शंभर ठिपके उगवत असत. प्लास्मिड अभेद्य आहे, असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला होता. एका सहकाऱ्याने प्लास्मिड नसलेला मूळ स्ट्रेन (जिवाणूचा वाण) त्याच प्लेटवर लावून पाहा असे सुचवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी तोही उगवलेला दिसला! प्लेट जुन्या होत्या, ठिपके जाड होते आणि शेजारच्या रोधक ठिपक्यांनी भोवतालचे ॲम्पिसिलिन खाऊन टाकले होते.

कारण असे की ॲम्पिसिलिनला निकामी करणारे बीटा-लॅक्टमेज पेशीच्या बाह्य आवरणालगत असते आणि तिथून माध्यमात झिरपते. एक रोधक पेशी आपल्याभोवती संरक्षित अंगण तयार करते आणि त्या अंगणात प्लास्मिड नसलेल्या पेशी सुखाने वाढतात. जुन्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती दिसणारे बारीक ठिपके हेच असतात. फ्लास्कमध्येही हेच घडते, म्हणून ॲम्पिसिलिनमध्ये रात्रभर वाढलेल्या कल्चरमध्येही रिकाम्या पेशी सापडतात आणि म्हणूनच शून्य दिवसाची प्लेट आवश्यक ठरते. कॅनामायसिनला निकामी करणारे विकर पेशीच्या आतच राहते, त्यामुळे तिथे शेजाऱ्याला फुकटचे संरक्षण मिळत नाही. प्लास्मिडवर ॲम्पिसिलिनचीच खूण असेल तर प्लेटमध्ये कार्बेनिसिलिन वापरावे. तेही बीटा-लॅक्टमेजने तुटते, मात्र सावकाश.

आता मी पुढीलप्रमाणे करतो. टूथपिकचे टोक कॉलनीच्या मध्यातून आरपार फिरवावे, कारण साध्या प्लेटवर वाढतानाही काही वंशजांनी प्लास्मिड गमावलेले असू शकते आणि केवळ कडेचा भाग उचलला तर प्लास्मिडधारी पूर्वजाची कॉलनी रिकामी म्हणून मोजली जाते. मग टोक आधी निवड प्लेटला आणि त्यानंतर साध्या प्लेटला हलकेच टेकवावे. हा क्रम उलटा करू नये. साध्या प्लेटवर नंतर टेकवूनही ठिपका उगवला, तर निवड प्लेटवर पेशी पोहोचल्या होत्या याची खात्री होते. तिथे काही उगवले नाही तर त्याचा अर्थ रिकामी पेशी असाच होतो. क्रम उलटा असेल तर निवड प्लेटवरची रिकामी जागा म्हणजे प्लास्मिड गेले की टोकावर काही उरलेच नव्हते, हे सांगता येत नाही. ठिपका डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच असावा, ठिपक्यांत अंतर मोकळे ठेवावे आणि प्लेट १६ ते १८ तासांत वाचावी. "उद्या निवांत पाहू" म्हणून ठेवलेली ॲम्पिसिलिनची प्लेट सरळ टाकून द्यावी.

मखमलीच्या ठशाने पूर्ण प्लेट एकदम उतरवण्याची पद्धत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये मांडली. योगायोगाने प्लास्मिड हा शब्दही जोशुआ लेडरबर्ग यांनी त्याच वर्षी सुचवला. पद्धत सुंदर आहे, कॅनामायसिनवर ती बिनधास्त वापरावी. ॲम्पिसिलिनवर मखमल जास्त पेशी वाहून नेते, म्हणून तिथे मी ती टाळतो.

प्रत्येक निवड प्लेटच्या कोपऱ्यात मूळ रिकामा स्ट्रेन आणि खात्रीचा प्लास्मिडधारी स्ट्रेन लावलाच पाहिजे. रिकामा स्ट्रेन उगवला तर ती सगळी प्लेट बाद समजावी.

आकडा वाचणे

शंभरपैकी शंभर कॉलन्या प्लास्मिडधारी निघाल्या, तरी गळती शून्य आहे असे लिहू नये. तीन भागिले तपासलेल्या कॉलन्या, म्हणजे तीन टक्क्यांपर्यंत रिकाम्या पेशी असल्या तरी असा निकाल येऊ शकतो, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. एक टक्क्यापर्यंत उतरायचे असेल तर ३०० कॉलन्या तपासाव्या लागतात.

गळतीचा दर स्थिर असेल आणि दोन्ही प्रकारच्या पेशी सारख्याच वेगाने वाढत असतील, तर प्लास्मिडधारी पेशींच्या प्रमाणाचा लॉगॅरिदम पिढ्यांच्या समोर मांडल्यावर सरळ रेषा येते. पिढीमागे एक टक्का गळतीला ५० पिढ्यांनंतर सुमारे ६० टक्के आणि १०० पिढ्यांनंतर सुमारे ३७ टक्के पेशी प्लास्मिडधारी उरतात. परंतु बहुधा रेषा आधी सपाट राहते आणि मग झपाट्याने खाली वाकते. तसे दिसले की ते सगळे वाटणीच्या चुकांच्या नावावर टाकू नये. प्लास्मिड वाहून नेण्याचा खर्च पेशीला पडतो आणि रिकामी पेशी थोडी वेगाने वाढते. प्लास्मिडधारी पेशींच्या १० पिढ्यांत रिकाम्या पेशींच्या साडेदहा पिढ्या होत असतील, तर एकही नवी गळती न होता रिकाम्यांचे प्रमाण रोज सुमारे १.४ पट, दहा दिवसांत ३२ पट आणि वीस दिवसांत हजारपट होते. या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी प्लास्मिडधारी आणि रिकामा स्ट्रेन मुद्दाम समसमान मिसळून हाच प्रयोग समांतर चालवावा. तिथल्या घसरणीवरून वाढीतला फरक मिळतो आणि तो वजा केल्यावर उरतो तो वाटणीचा दोष.

प्लास्मिडवर एफमधील सीसीडी किंवा आर-१ मधील हॉक-सॉक यांसारखी विष आणि उतारा यांची जोडी असेल, तर हा आकडा आणखी सावधपणे वाचावा. अशा प्लास्मिडाला मुकलेल्या कन्यापेशीत उतारा लवकर संपतो, विष मागे राहते आणि पेशी मरते किंवा वाढणे थांबवते. ती साध्या प्लेटवर कॉलनीच करत नाही, त्यामुळे मोजणीत येत नाही. प्लास्मिड चुकून हरवतच राहते, फक्त त्या चुकीचा साक्षीदार उरत नाही.

प्रती भरपूर आणि तरीही गळती

पीयूसी घराण्यातले प्लास्मिड वरच्या सूत्राप्रमाणे कधीच गळायला नको आणि तरी ते गळताना दिसते. सूत्रातला न हा सुट्या तुकड्यांचा आकडा आहे, आरंभस्थानांचा नाही. दोन प्रती पुनर्संयोगाने जुळून एक मोठे वर्तुळ झाले की त्यात दोन आरंभस्थाने असतात, म्हणून त्याची नक्कल अधिक वेळा होते आणि काही पेशी जोड-वर्तुळांनीच भरून जातात. लगाम मात्र आरंभस्थाने मोजतो. वीस आरंभस्थाने दहा जोड्यांत बांधली गेली की गळती ५१२ मध्ये एक होते; चारचार जुळून पाचच तुकडे उरले की सोळात एक. नैसर्गिक कोल-ई१ मध्ये सेर नावाचा भाग असतो, तिथे पेशीची झर-सी आणि झर-डी ही विकरे जोडी सोडवतात. हा भाग नसला की प्लास्मिड अस्थिर होते, हे डेव्हिड समर्स आणि डेव्हिड शेरॅट यांनी १९८४ मध्ये दाखवले. पीबीआर३२२ आणि पीयूसी या दोन्हींत तो नाही.

संशय असेल तर न कापलेले प्लास्मिड जेलवर चालवावे. सुट्या वर्तुळाच्या वर, कमी अंतर चाललेला आणखी एक ठळक पट्टा दिसेल. तो एका धाग्यावर तुटून उलगडलेल्या वर्तुळाचाही असू शकतो. एकदाच कापणाऱ्या विकराने कापलेला नमुना शेजारी ठेवून तो पट्टा भलत्याच डीएनएचा तर नाही ना, एवढे पाहावे: जोड-वर्तुळ असो वा उलगडलेले वर्तुळ, कापल्यावर सगळे एकाच, सुट्या प्लास्मिडच्या लांबीच्या पट्ट्यात येते. त्यानंतर तेच प्लास्मिड, सुटे वर्तुळ असलेला नमुना निवडून, रेक-ए (पुनर्संयोग घडवणारे प्रथिन) नसलेल्या डीएच५-अल्फासारख्या स्ट्रेनमध्ये घालावे आणि दहा दिवसांची मोजणी पहिल्यापासून करावी. गळती थांबली तर दोष जोड-वर्तुळांचा होता. नाही थांबली तर खरी प्रतिसंख्या मोजायला घ्यावी.