बीबीसी मायक्रो, वर्डवाइज आणि एप्सन : कागदावर भलतंच उमटतंय? या चुका टाळा

बीबीसी मायक्रो या १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश संगणकावर, वर्डवाइज या लेखनाच्या प्रोग्राममध्ये पत्र लिहिलं, एप्सन एफएक्स-८० या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायला घेतलं आणि कागदावर कचरा उमटला, की नवशिके लगेच जाहीर करतात : रॉम (वर्डवाइज साठवलेली चिप) गेली. बाबांनो, रॉम इतक्या सहज जात नाही. आधी प्रिंटर बंद करा, एलएफचं (लाइन फीडचं) बटण दाबून धरा आणि चालू करा. सेल्फ टेस्ट स्वच्छ आली तर प्रिंटरला शिव्या घालणं थांबवा.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक लाइन फीडची. बीबीसी मायक्रो चालू होतो तेव्हा प्रिंटरकडे जाणारा १० क्रमांकाचा कोड, म्हणजे लाइन फीड (कागद एक ओळ पुढे सरकवण्याचा हुकूम), गाळतो. प्रिंटरनेही तो स्वतःहून घातला नाही तर अख्खं पत्र एकाच ओळीवर छापून काळा पट्टा तयार होतो. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांना ही यंत्रं मिळाली होती. तसलंच एक ओळखीच्या गृहस्थांनी भंगारातून आणलं. काळा पट्टा दिसल्यावर त्यांनी '*एफएक्स ६,०' दिलं; काम झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा, कारण मशीन बंद केलं की ही कमांड विसरली जाते. मग त्यांनी प्रिंटर उघडून ऑटो लाइन फीडचा (प्रत्येक ओळीनंतर प्रिंटरनेच कागद सरकवण्याचा) डिप स्विच, म्हणजे आतला छोटा स्विच, चालू केला. पुढे एक जुनी फ्लॉपी लावली, तिच्या '!बूट' फाइलमध्ये (फ्लॉपीवरून सुरू करताना आपोआप चालणाऱ्या) तीच कमांड होती, आणि ओळींमध्ये दुप्पट अंतर पडू लागलं. साहेबांनी नवी केबल मागवली! माझी सवय सरळ आहे : प्रिंटरचा डिप स्विच कायम बंद, कमांड '!बूट'मध्ये, आणि तशी चिठ्ठी प्रिंटरवर चिकटवलेली. डिप स्विच प्रिंटर चालू होतानाच वाचले जातात, हेही ध्यानात असू द्या. एवढं करूनही अंतर दुप्पटच राहिलं, तर केबलमध्ये १४ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली आहे का ते बघा.

दुसरी चूक म्हणजे कचरा न वाचताच कागद चुरगाळून फेकणं. 'बी'च्या जागी 'सी' आणि 'डी'च्या जागी 'ई' येतंय, पण 'ए' आणि 'सी' शाबूत आहेत? मग केबलमधल्या २ नंबरच्या पिनची तार तुटली असणार. म्हणजे अक्षराच्या कोडमधला सर्वांत खालचा बिट (० किंवा १ चा अंक) सतत १ वाचला जातोय. सगळा मजकूर तिरका येतोय? या प्रिंटरमध्ये १२८ च्या पुढच्या कोडांवर तिरकी अक्षरं असतात, म्हणून सर्वांत वरचा बिट नेणारी, केबलची ९ नंबरची पिन तपासा. (आधी प्रिंटर बंद-चालू करा, मागच्या कुणीतरी तिरक्या अक्षरांचा कोड देऊन ठेवलेला असू शकतो.) तरी उलगडा होत नसेल तर एलएफ आणि एफएफ (फॉर्म फीड) ही दोन्ही बटणं दाबून प्रिंटर चालू करा. मग आलेला प्रत्येक कोड हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या अंकांत) छापला जातो : 'ए'चा ४१, रिटर्नचा ०डी. ०डीच्या पाठोपाठ ०ए (म्हणजे १०) दिसत नसेल तर लाइन फीड येतच नाही. हे वाचायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा धीर नसलेले लोक दर महिन्याला केबल बदलतात.

पौंडाच्या चिन्हाऐवजी उलटं एकेरी अवतरणचिन्ह (`) येणं हा बिघाड नाही. बीबीसीवर पौंड ९६ क्रमांकाच्या कोडवर आहे, एप्सनवर ब्रिटिश अक्षरसंच निवडल्यास ३५ वर.

सीरियल (एका तारेवरून एकेक बिट घेणारा) प्रिंटर असेल आणि अर्थहीन चिन्हांचा सडा पडत असेल तर दोन्हीकडचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) जुळवा.

अक्षरांमधून आडवी पांढरी रेघ जात असेल तर प्रिंटरच्या हेडमधल्या, अक्षरं उमटवणाऱ्या ९ पिनांपैकी एक अडकलीय. त्यावर कुठलीही कमांड चालत नाही. हेड काढून साफ करावं लागतं. आणि सुकलेल्या रिबनवर तेल शिंपडायचा सल्ला देणाऱ्यांना माझ्या प्रिंटरपासून लांब ठेवा.